नवसागराच्या डब्यातलं जामन

रहीमभाई,

तुम्हाला मातीत ठेवायला नेलं तेव्हा मी नर्सरीत होते. कब्रस्तानात बायका जात नाहीत हे ठाऊक होतं, तरी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. जनाजा निघाला, माणसं एकामागून एक खांदा देत पुढे गेली, आणि मी रिक्षा वळवून सरळ ऊर्जानगर रस्त्याला लागले. नर्सरीच्या गेटला कुलूप. किल्ली नेहमी तुमच्या कमरेला. शेवटी एक्कावन्न वर्षांची वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक बाई तारेच्या कुंपणाखालून रांगत आत गेली. साडी फाटली ती फाटलीच. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाई, मले वाटलं बकरी घुसली." दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून त्या दुपारी मी सगळ्या वाफ्यांना पाणी घातलं.

आज अकरा दिवस झाले. तुमच्या चाळिसाव्याच्या आत हे लिहून व्हावं असं मनात आहे. तुमचा जन्म कधीचा, नर्सरीत कोणत्या साली लागलात, हे तुमच्या घरचे सांगतील. मला ते सांगायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. खाणीच्या ढिगाऱ्याच्या पश्चिम उतारावरून आपलं जे भांडण सहा वर्षं चाललं होतं ते तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात, आणि त्यात तुम्ही बरोबर होता हे मला चार दिवसांपूर्वी कळलं. मेलेल्या माणसाशी हरण्यासारखं वाईट काही नसतं. कबूल करायला समोर कोणी नसतं.

तुम्ही माझ्याकडे आलात ते कल्हई बुडाली म्हणून. बाप, आजा सगळे कल्हईवाले. चांद्यापासून मूल गावापर्यंत आणि शिवरात्रीला पार मार्कंड्याच्या यात्रेपर्यंत तुम्ही भाता खांद्यावर घेऊन फिरायचात. यात्रेकरूंची पितळी भांडी चमकवून द्यायचात आणि म्हणायचात की महादेवाच्या दारात माझी सगळ्यात जास्त दुकानदारी होते. मग घराघरात स्टील आलं आणि तुमची हाळी कोणी ऐकेना. नर्सरीत रोजंदारीवर माणूस पाहिजे होता. मी विचारलं, झाडांचं काय येतं? तुम्ही म्हणालात, "झाडाचं काई नाई येत. पण चीज खराब होऊन राह्यली का सुधरून राह्यली, हे मले हात लावला का समजते." मी हसले होते. वर्षभरात नर्सरीतल्या सगळ्या बायका रोप दगावलं की माझ्याऐवजी तुम्हाला हाक मारायला लागल्या.

आपलं काम होतं खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं जगवायचं. ढिगारा कोणाच्या खाणीचा ते इथे लिहीत नाही. नाव घेतलं की लोक नावावरून वाद घालतात आणि ढिगारा आहे तिथेच राहतो. जमिनीच्या पोटातून काढून टाकलेला तो काळा-पिवळा मलबा, त्यात गंधक, त्यात धातू, पाऊस पडला की त्यातून निघणारं तांबूस पाणी. गवतसुद्धा धरत नव्हतं. पहिल्यांदा तुम्ही तिथली चिमूट उचलून जिभेला लावलीत आणि थुंकून म्हणालात, "आंबट हाय." मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले, विष आहे ते, तोंडात काय घालता! मग कागद बुडवून पाहिला. आंबटच होतं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

तुमच्या हिशेबी ती जमीन 'कळकलेली' होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, पिणारं माणूस आजारी पडतं, तशी. मी वर्गात पंचवीस मिनिटं घेऊन जे समजावते ते तुम्ही एका शब्दात उरकलंत. आणि त्या कळकलेल्या जमिनीच्या पायथ्याशी, पश्चिमेला, सोमीबाई मडावीच्या चार बांध्या होत्या. पाणी धरून ठेवणारी धानाची चार छोटी शेतं. वरच्या दोन बांध्यांत दर पावसाळ्यात ढिगाऱ्याची माती उतरायची. धान उभं राहायचं, पिवळं पडायचं आणि लोंबीत दाणाच भरायचा नाही. आपण पहिल्या दिवशी गेलो तेव्हा सोमीबाईने आपल्याला पाणीही विचारलं नाही. एकच विचारलं, "माही बांधी कधी देता?"

तिला वाटलं होतं, आपणच खाणवाले. तुम्ही तिच्या बांधावर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "आमी त्याईचे नाई बाई. आमी धुवाले आलो." तेव्हा कुठे तिने गडवा भरून पाणी आणलं.

आता चुकीविषयी. ही चूक आपण दोघांनी मिळून कधी बोललोच नाही, म्हणून आज बोलते.

झाडाच्या मुळात राहणारी एक बुरशी असते. ती मुळातून तलम धागे बाहेर सोडते, मुळं पोचत नाहीत तिथून पाणी आणि खत ओढून आणते, बदल्यात झाड तिला साखर देतं. विषारी धातू ती आपल्या धाग्यांत अडवून धरते, वर पानांपर्यंत फार जाऊ देत नाही. सुटी माती बांधून ठेवते. अशा ढिगाऱ्यावर झाड जगवायचं तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही, कारण तेव्हा माझी समजूत अशी की मजुराला काम सांगावं, कारण सांगू नये. कुंड्यांत ज्वारी लावून तिच्या मुळांवर ती बुरशी मी स्वतः वाढवली, मुळं कातरून मातीसकट दोन वाफ्यांतल्या सगळ्या पिशव्यांत घातली. आणि पेपर तपासायला नागपूरला जाताना शेडच्या भिंतीला चिठ्ठी लावून गेले. तिच्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. 'मागच्या दोन वाफ्यांतील रोपांच्या मुळांना बुरशी आहे. नीट लक्ष द्यावे.'

कुठल्याही नर्सरीत, कुठल्याही शहाण्या माणसाने ही चिठ्ठी वाचली तर तो काय करील? मोरचूद काढेल. तुम्ही तेच केलंत. मोरचूद आणि चुना कालवून, गाळून, एकेका पिशवीत माती भिजेस्तोवर ओतलंत. दहा दिवसांनी मी आले तेव्हा पिशव्यांच्या कडा निळसर झालेल्या आणि तुमचा चेहरा फुललेला. "बाई, एकाई पिशवीत बुरशी राहू नाई देली."

मी किती ओरडले ते तुम्हालाही आठवत असेल, पिशव्या भरणाऱ्या बायकांनाही. अक्कल काढली, अडाणी म्हणाले, वर्षाचं काम घालवलंत म्हणाले. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि मग खरोखरच समजून घ्यायच्या सुरात विचारलंत, "बाई, म्या त जिंदगीभर बुरशी मारतच आलो. ही पोसाची बुरशी हाय, हे पयलेच काऊन नाई सांगितलं?"

मी शेडकडे वळले. भिंतीवरची चिठ्ठी काढली आणि पर्समध्ये टाकली. तुम्ही ते पाहिलंत. मला दिसलं की तुम्ही पाहिलंत. त्या चिठ्ठीचं मी घरी जाऊन काय केलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. जाळली, रहीमभाई.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. ती माझी माफी मागायची पद्धत होती, पण तिला माफी म्हणत नाहीत हे मलाही कळतं. उकळून रंगवलेल्या मुळाचा तुकडा काचेवर ठेवला. तुम्ही एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिलात. "हे त मुळाच्या आतमंधी घर करून राह्यले. भाडं काय देते?" मी म्हटलं, पाणी भरतात, खत आणतात. तुम्ही मान हलवलीत. "मंग भाडेकरू नाई. घरजावई हाये, पन कामाचा." तिथून पुढे नर्सरीत मला मागून 'बुरशीबाई' म्हणायला लागले. त्या नावामागे तुम्ही होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आणि त्याच दिवशी तुम्ही तिचं नाव बदललंत. 'बुरशी म्हणाल त लोक मारतीलच,' तुमचं म्हणणं. 'जामन म्हणा.' आमच्याकडे ज्याला विरजण म्हणतात ते तुमच्या घरचं जामन. चांगल्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं आणि नव्या दुधाला लावायचं. ज्वारीच्या कुंड्या तुम्ही हातात घेतल्यावर आपलं जामन कधी संपलं नाही. प्रत्येक घाण्यातलं थोडं तुम्ही बाजूला काढायचात, सावलीत वाळवायचात, आणि बायकांना बजावायचात, "सगळं वापरू नोका. जामन संपलं त दही कुठून लावान?" पुढच्या वर्षांत मी विद्यापीठांत भाषणं दिली तेव्हा हाच शब्द वापरला. लोकांना फार आवडायचा. कोणाचा शब्द ते मी सांगत नसे.

मोरचूद घातलेल्या दोन वाफ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. टाकून द्यायची तर वरचे लोक विचारतील. म्हणून मी ती रोपं ढिगाऱ्याच्या पश्चिम उतारावर लावायचं ठरवलं. नव्याने जामन लावलेली पूर्वेला. पहिल्या खड्ड्यात सोमीबाईने तिच्या पेनासाठी, म्हणजे तिच्या देवासाठी, मोहाची फुलं आणि तांदळाचे दाणे टाकले. तुम्ही बिस्मिल्ला म्हणून सिसमचं पहिलं रोप ठेवलंत. मी नारळ आणायला विसरले होते म्हणून नुसते हात जोडले. दोन पावसाळे गेले. पूर्वेला सिसम, करंज, बांबू माणसाच्या उंचीचे झाले. पश्चिमेला काड्या.

आणि मग मी अहवालात लिहिलं की तुलनेसाठी एक पट्टा हेतुपुरस्सर जामनाशिवाय ठेवण्यात आला. हेतुपुरस्सर! इकडे हिरवा, तिकडे उघडा, मधोमध जणू फीत टाकून रेघ ओढलेली. तो फोटो किती ठिकाणी लागला! उतारावर मी पाटी ठोकली, 'तुलना पट्टा. हात लावू नये.' पाहुणे यायचे, टोप्या घालून रेघेपाशी उभे राहायचे. एकदा तुम्ही त्यांच्यातल्या एकाला मोठ्या प्रामाणिकपणे सांगायला गेलात, "साहेब, ही बाजू म्हंजे आपली गलती हाय," आणि मी मध्येच म्हणाले, "रहीमभाई, चहाचं बघा." तुम्ही चहाचं बघितलंत. त्या चहात नेहमीसारखी साखर जास्त होती. 'चहाचं बघा' हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी बाकी काही मागितलं नसतं.

तुम्हाला तुमच्या नावाचं काही पडलं नव्हतं. तुमचा जीव अडकला होता सोमीबाईच्या बांधीत. पश्चिम उतार उघडा म्हणजे दर पावसाला तिथली माती तिच्याकडे उतरणार. खालच्या दोन बांध्या कशाबशा वाचल्या होत्या, वरच्या दोन नाहीत. रोपं न्यायची वेळ आली की दर वर्षी तुमचं सुरू व्हायचं.

"बाई, औंदा पश्चिमेले लावू द्या."

"अजून एक वर्ष, रहीमभाई. तुलना लागते."

"चार वर्स तुलना झाली. आणखी काय पाह्यता? मेलेलं मेलंच हाय."

मी म्हणायचे, हा पट्टा दाखवूनच आपल्याला दुसरा ढिगारा मिळणार आहे, गडचिरोलीकडचा. नुसती हिरवी झाडं दाखवली तर म्हणतील, पाऊस चांगला झाला असेल. खोटं नव्हतं ते. पट्टा होता म्हणूनच दुसऱ्या जागेची परवानगी पुढे सरकली. पण शेवटच्या वेळी तुम्ही विचारलंत, "दुसऱ्याच्या ढिगाऱ्यासाठी सोमीबाईची बांधी काऊन?" मी चिडून म्हणाले की शास्त्राचं तुम्ही मला शिकवू नका. तुम्ही सायकल काढलीत. त्यानंतर तुम्ही पश्चिमेचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, पटलं असावं. किती मूर्ख असावं माणसानं!

सोमीबाई मात्र थांबली नाही. दर खेपेला तेच. एकदा तिने विचारलं, "जमीन साफ झाली का?" मी तिला समजावायला बसले की साफ असं होत नाही, धातू कुठे जात नाही, तो मुळांशी अडकून राहतो, खाली वाहत नाही. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तुम्ही माझ्या मदतीला आलात. "हे पाय सोमीबाई. कल्हई केली म्हून पितळेचं काई सोनं होत नाई. पितळ पितळच राह्यते. पन ताक कळकत नाई. तसं समज." तिने लगेच विचारलं, "अन् कल्हई उडाली त?" तुम्ही म्हणालात, "मंग पुन्ना कराची." मी वहीत लिहून घेतलं. झाडं तोडू द्यायची नाहीत, मुळं उपटू द्यायची नाहीत, माती बांधलेली ठेवायची, दर वर्षी बघायचं. सगळं व्यवस्थापन तुमच्या तीन शब्दांत होतं.

गेल्या वर्षी मला पश्चिम उतारावर हिरवं दिसलं. फोटो मी दर वर्षी एकाच खुंटीपाशी, पायवाटेवर उभी राहून काढते. उतार भुसभुशीत म्हणून वर चढत नाही. लांबून दिसलं की गवत धरतंय. मी हरखले. तुम्हाला विचारलं, "हे कसं काय उगवलं?" तुम्ही आभाळाकडे बघितलंत आणि इतक्या साळसूद चेहऱ्याने म्हणालात, "अल्ला की मर्जी." मी अहवालात लिहिलं, पश्चिम पट्ट्यात नैसर्गिक पुनरुज्जीवनाची चिन्हं आढळतात. वर अर्धं पान कारणमीमांसा केली. वारा, पक्षी, बिया.

चार दिवसांपूर्वी तुमच्या घरी गेले होते. भाभी जमिनीवर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत उठल्या आणि फळीवरून एक डबा काढून माझ्या हातात दिला. कल्हईच्या वेळी तापल्या भांड्याला चोळायची ती पांढरी पूड, नवसागर, ठेवायचा तुमचा जुना पत्र्याचा डबा. उघडला तर आत आपलं जामन. सावलीत वाळवलेलं, चाळलेलं, वर कापडाचा तुकडा.

"तुमचा डबा हाय बाई. दर शुक्रवारी भरून घेऊन जात होते, त्या डोंगरावर. म्या म्हटलं, सुट्टीच्या दिवशी काऊन जाता? बोले, बाई ने बताया है, जाना पडता."

शुक्रवार. आपल्या भागातल्या बाजाराचा दिवस, नर्सरीची सुट्टी. नमाज झाली की तुम्ही एस.टी. धरत होता. आणि घरी सांगत होता की मी सांगितलंय.

भाभी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो भाभी. मीच सांगितलं होतं." तुमच्यासाठी मी बोललेलं हे पहिलं खोटं. स्वतःसाठी पुष्कळ बोलले होते.

तिथून सरळ एस.टी. धरली. डबा मांडीवर. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तो उतार चढले. पाय घोट्यापर्यंत रुतेल असं वाटलं होतं. रुतला नाही. खालच्या अर्ध्या भागात वाळा होता, एकेक थोंब, आडव्या ओळींत, दोन थोंबांत बरोब्बर एक वीत. तुमची वीत. नर्सरीत पिशव्या मांडताना तुम्ही हाताने मोजायचात ती. मधूनमधून करंज, सिसम, गुडघ्याएवढे. पायवाटेवरून हे गवत वाटतं. मी एक थोंब हळूच उकरला. माती मुळांना चिकटून गोळ्यासारखी वर आली, सुटेना. वारा आणि पक्षी काही वीत मोजून पेरत नाहीत, रहीमभाई. वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट असलेल्या बाईला ते कळायला तुम्हाला जावं लागलं. मी तिथे बसून आधी हसले. एकटीच, मोठ्याने, पोट धरून. मग रडले, आणि ते हसण्याहून बराच वेळ चाललं.

सोमीबाई खालून आली. तुम्ही गेल्याचं तिला गावातून कळलं होतं. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "भाऊनं सांगून ठेवलं होतं, बाईले सांगू नोको. तिचं कागदाचं काम अटकते." तुम्ही तिलासुद्धा माझं कागदाचं काम सांभाळायला लावलंत! मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, मोरचूद, पाटी, हेतुपुरस्सर, सगळं. मी म्हटलं, तुझ्या दोन बांध्या सहा वर्षं मी अडवल्या. ती उतार बघत राहिली. "त मंग आता उरलेलं कोन लावते?" एवढंच विचारलं.

उरलंय ते वरचा अर्धा उतार. तुमची शेवटची ओळ मध्येच थांबली आहे, सात थोंब लावलेत आणि आठवा खड्डा रिकामा आहे.

काल नागपूरला, परवानगी देणाऱ्या कचेरीला, पत्र टाकलं. पहिल्या अहवालातली तुलना ठरवून केलेली नव्हती, ती माझ्या चुकीतून झाली आणि ती चूक मी नर्सरीत दुसऱ्याच्या नावावर ठेवली आणि अहवालात लपवली, असं लिहिलंय. गेल्या वर्षीचं पुनरुज्जीवन नैसर्गिक नव्हतं, हेही लिहिलंय. गडचिरोलीची जागा यामुळे हातची जाऊ शकते. गेली तर पुन्हा मागू. नकार दिला तर पुन्हा जाऊ. तुम्ही बसने दर शुक्रवारी जाऊ शकता तर मला नागपूरला जायला काय धाड भरली आहे?

पाटी उपटली. खुंट पक्का होता, मी आणि सोमीबाई दोघींनी मिळून हलवला. डब्यातलं जामन मी सगळं वापरलेलं नाही. मूठभर मागे ठेवून नर्सरीत ज्वारीच्या नव्या कुंड्या लावल्या आहेत. बाकीचं घेऊन आज सकाळी पाच बायका, सोमीबाई आणि मी उतारावर होतो. आठवा खड्डा मी भरला. माझी वीत तुमच्याहून लहान आहे, त्यामुळे माझ्या ओळी थोड्या दाट होणार. चालवून घ्या. आज शुक्रवारच होता, सुट्टी कोणी मागितली नाही.

सोमीबाई खालून तिसऱ्या बांधीत यंदा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणार आहे. वरची चौथी अजून नाही. दाणा आला तरी तपासल्याशिवाय चुलीवर चढवायचा नाही, हे तिने पेनाची शपथ घेऊन कबूल केलंय. तिसऱ्या बांधीत या वेळी उतरलेलं पाणी तिने मला गडव्यात धरून दाखवलं. तळ दिसत होता. मी जीभ लावून पाहिली. तुम्ही ओरडायला नव्हता.

मातीचे नमुने पिशव्यांत भरले आहेत. प्रत्येक पिशवीबरोबर एक फॉर्म जातो, तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच दोऱ्याने बांधायचात. त्यात एक रकाना असतो, 'जमिनीवर केलेले उपचार'. पश्चिम पट्ट्यासमोर इतकी वर्षं मी तिथे 'काही नाही' लिहीत आले. आज असं लिहिलंय:

मोरचूद, माझ्या चुकीच्या चिठ्ठीमुळे. त्यानंतर जामन, रहीमभाईंनी, मला न विचारता. उरलेल्या अर्ध्या उतारावर काम चालू आहे.